ताईच्या उंचीची गाडी

या, असे जवळ सरका. दाराशी उभं राहिलं की गोष्ट अर्धी कानात जाते आणि अर्धी वाऱ्यावर. फोन खिशात ठेवा, त्यातली माणसं घटकाभर तुमच्यावाचून जगतील. देवाचं नाव घेऊन आज तुम्हाला एका गादीवाल्याची गोष्ट ऐकवायची आहे. माणूस हाताचा कलाकार आणि मनाचा लोण्याहून मऊ. अक्कल मात्र देवाने त्याच्या बोटांतच इतकी भरली, की वर डोक्यापर्यंत पोचायला फारशी उरली नाही.

गल्लीच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान, आणि दुकानाच्या मागे घर. घरात तो, त्याची बायको आणि त्याची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले तेव्हा या ताईनेच त्याला वाढवलं आणि दुकानही तिनेच चालवलं. जमिनीवर मांडी घालून, कमरेत वाकून, तिने उभं आयुष्य गाद्यांचे काठ शिवले. गावातली निम्मी माणसं तिच्या टाक्यांवर सुखाने घोरत होती. मग एक दिवस गादी उचलताना तिच्या पाठीत काहीतरी मोडलं, आणि ती जी आडवी झाली ती आडवीच राहिली. झोपली की ठीक, बसली की कळ मस्तकात. खिडकीशी लावलेला पलंग हेच तिचं राज्य. तिथून ती गल्लीवर, घरावर आणि भावावर हुकूम सोडायची. पाठ गेली होती, जीभ शाबूत होती.

तिची इच्छा एकच होती. ताटासमोर बसून, दोन्ही हात मोकळे ठेवून, पोटभर जेवायचं. "पडून खाल्लेलं अन्न पोटात जातंय की कानात, तेच कळत नाही," असं ती म्हणायची.

शेजारच्या शहरातल्या इस्पितळात कोमट पाण्याचा हौद होता. त्या पाण्यात उभं करून पाठीचे व्यायाम करून घेत. तिथे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी तपासण्या पाहून सांगितलं, "दर बुधवारी आणाल तर या बसू लागतील. उशीर केलात तर पाठ अशीच आखडून जाईल. आणि येत्या बुधवारी आला नाहीत, तर ही जागा मला दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. रांग मोठी आहे."

आता न्यायचं कसं? बसता येत नाही म्हणून बस नाही, रिक्षा नाही. रुग्णवाहिका दर आठवड्याला मागवायची तर आधी दुकान विकावं लागलं असतं. म्हणून ठरलं की जुनी का होईना, एक स्टेशन वॅगन घ्यायची. म्हणजे ती लांब पाठीची गाडी, जिच्या मागच्या सीटा आडव्या पाडल्या की डिकीपर्यंत सलग जागा होते. त्या जागेत गादी टाकायची आणि गादीवर ताई. दुकानाची माल पोचवायची जुनी टेम्पो-रिक्षा विकून जे हातात आलं, त्यात बसेल ती गाडी. इतकं साधं काम. पण साधं काम साधेपणाने झालं तर नातेवाइकांनी करायचं काय?

बायकोचा भाऊ धावत आला. घरात त्याला सगळे 'तज्ज्ञ' म्हणत. आधी थट्टेने म्हणत, पण त्याने ते इतक्या नम्रपणे स्वीकारलं की थट्टा करणारेच ओशाळले. इतरांना देवाने दोन डोळे दिले, तज्ज्ञाला फोन दिला. गाड्यांवरचे सगळे व्हिडिओ त्याने पाहिले होते. गाडी मात्र अजून घेतली नव्हती, कारण त्याच्या पसंतीला उतरेल अशी गाडी जगातल्या कुठल्याच कारखान्याला जमली नव्हती.

"भावोजी, पहिला प्रश्न रिसेल व्हॅल्यूचा," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या विकायची झाली तर किती येतील?"

खिडकीशी पडलेली ताई म्हणाली, "अरे, आधी मला एकदा तीत बसव, म्हणजे निजव. मग विक. निदान इस्पितळातून परत आणून विक."

"ताई, तुम्हाला यातलं तांत्रिक कळायचं नाही."

"खरंय बाबा. मला फक्त एवढंच कळतं की गाडी माझ्यासाठी घेताय."

रविवारी सकाळी तिघं निघाली. गादीवाला, बायको आणि तज्ज्ञ. जिच्यासाठी गाडी, ती घरी, कारण तिला न्यायला गाडी नव्हती. बायकोने निघताना ताईची उंची टेपने मोजून घेतली. गादीवाला हसला. "मला विचारायचं ना. तिची गादी मीच शिवलीय." खरंच, बहिणीची लांबी त्याला तोंडपाठ होती. माणसाचं नाव विसरेल, पण त्याची गादी केवढी ते विसरणार नाही, असा तो प्राणी.

जुन्या गाड्यांचा बाजार म्हणजे पत्र्याचं कुंपण घातलेलं आवार. मध्ये एक खोली आणि खोलीत पंख्याखाली शेठ. शेठचा गळा असा गोड की देवाने त्याला भजनाला बसवलं असतं तर कित्येकांचा उद्धार झाला असता. दैवाची चूक झाली आणि तो गाड्या विकायला बसला.

"ही पांढरी बघा साहेब. डॉक्टरांची गाडी. एकहाती वापरलेली."

"आणि ती चंदेरी?" बायकोने विचारलं.

"तीही डॉक्टरांची."

"ती तपकिरी?"

"ती डॉक्टरांच्या सासऱ्यांची. फक्त रविवारी देवदर्शनाला काढायचे."

बायको म्हणाली, "या गावातले सगळे डॉक्टर गाड्या विकायला लागलेत. एकदा विचारायला हवं, पोटापाण्याचं बरं चाललंय ना त्यांचं?"

पांढरीचं इंजिन सुरूच होईना. शेठ म्हणाला, "झोपलीय, जरा लाजाळू आहे." तिला लाजतच सोडून मंडळी पुढे गेली.

चंदेरीच्या डाव्या कुशीला मोठा पोचा होता आणि आत कुत्र्याचा वास. सीटा फाटलेल्या, स्पंज बाहेर डोकावतोय. पण चालू केली की घरघर एका लयीत. डिकीचं दार वर गेलं की आतून हात लांब करून माणूस सहज आत घेता येईल एवढं रुंद. बायकोने वाकून मागच्या सीटचा खटका ओढला. सीट धप्पकन आडवी पडली आणि टेबलासारखी सपाट झाली.

"मी आत आडवी होऊन बघू का?" ती म्हणाली. "ताई माझ्याहून वीतभरच उंच आहेत."

"काहीतरीच काय!" गादीवाला इकडेतिकडे बघत कुजबुजला. "बाजारात, चार लोकांसमोर, गाडीत झोपणार तू?"

"मग ताईंना चार लोकांसमोरच तर झोपायचंय."

"ते वेगळं."

कसं वेगळं ते त्याने सांगितलं नाही. त्याला ते माहीत नव्हतं, आणि शिवाय त्याची नजर तोवर तपकिरीच्या काचेतून आत गेली होती. गेली ती तिथेच राहिली.

आता काय सांगावं तुम्हाला! एखाद्या भक्ताने गाभाऱ्याच्या दारात थबकावं, तसा तो त्या गाडीच्या दारात थबकला. आतल्या सीटा कुणीतरी नव्याने शिवून घेतल्या होत्या. कातडं मधाच्या रंगाचं. टाके एकसारखे, एकही तिरका नाही, एकही सैल नाही. कोपऱ्यावर शिवण अशी वळलेली की जणू वळणं हा तिचा स्वभावच. भराव गच्च, पण दगडासारखा नाही. तळहात दाबला की हळूच आत जायचा आणि तितक्याच हळूच वर यायचा. गादीवाल्याने डोळे मिटले.

"मशीनचं काम नाही हे," तो पुटपुटला. "हाताचं आहे. मांडी घालून, बसून केलेलं काम आहे."

"टायर गुळगुळीत आहेत," तज्ज्ञ म्हणाला.

"टायर बदलता येतात. असा काठ कुणाला जमतो आज?"

"ॲव्हरेज काय देते?"

"भराव बघ आधी, भराव!"

शेठने ओळखलं. मासा गळ न टाकताच टोपलीत येऊन पडतोय, हे कळायला त्याला डॉक्टर व्हावं लागलं नाही. तो पुढे आला आणि प्रामाणिकपणाच्या एका दुर्मिळ झटक्यात म्हणाला, "थांबा साहेब, मागची सीट कशी पडते ते दाखवतो," आणि त्याने खटक्याला हात घातला.

"हात लावू नका!" गादीवाला एवढ्या जोरात ओरडला की खोलीतला पंखा पुसणारा माणूसही थांबला.

झालं असं की या घरात गादी दुमडणं हे पाप. बापाने घालून दिलेली शिस्त होती. गादी गुंडाळा, उभी ठेवा, डोक्यावरून वाहून न्या, पण दुमडू नका. दुमडली की काठ मोडतो आणि काठ मोडला की गादी मेली. गिऱ्हाइकाने दुकानात गादी दुमडली तर गादीवाला पैसे परत देऊन गादी काढून घेत असे. ताईनेच त्याला लहानपणी यासाठी कान धरून उभं केलं होतं. तीच शिस्त आज त्याच्या हाडातून ओरडली.

"अहो, पण ती पाडायचीच आहे ना आपल्याला?" बायको म्हणाली.

"पडेल की. पडायची तेव्हा पडेल. उगाच बाजारात कशाला काठ मोडायचा? लांबी मी मोजतो." त्याने बाहेरून टेप लावला. पुढच्या सीटच्या पाठीपासून डिकीच्या दारापर्यंत ताई बसत होती, वर चार बोटं उरत होती. "बघ! पुरून उरते."

शेठने हात मागे घेतला तो थेट कागदांवर ठेवला. बायको चंदेरीकडे बघत राहिली. तज्ज्ञाने निकाल दिला, "तपकिरीची रिसेल व्हॅल्यू चांगली आहे." त्याला तपकिरी रंग आवडला होता एवढंच, पण तज्ज्ञांनी असं सरळ बोलायचं नसतं.

गाडी दारात आली. गल्ली गोळा झाली. प्रत्येकाने सीटवर हात फिरवून "वा" म्हटलं, आणि प्रत्येक "वा" सरशी गादीवाला बोटभर उंच होत गेला. संध्याकाळी ताईला नेऊन दाखवायचं ठरलं. त्याने हलक्या हाताने, क्षमा मागितल्यासारखा, मागच्या सीटचा खटका ओढला.

सीट अर्ध्यावर आली आणि रुसलेल्या पाहुण्यासारखी अडून बसली. त्याने दाबली. शेजाऱ्याने दाबली. तज्ज्ञाने व्हिडिओ लावला, व्हिडिओतली सीट झटक्यात पडली. इथली हलेना. ज्या कुणी ती शिवली होती त्याने भराव एवढ्या मनापासून घातला होता, की पाठ खालच्या बैठकीला टेकून तिथेच अडत होती आणि मध्ये हा मोठा उंचवटा राहत होता. सलग जागा कसली, घाटरस्ता होता तो.

"गादी वर टाकली की जाणवणार नाही," गादीवाला म्हणाला. आयुष्यभर गाद्या शिवणारा माणूस हे म्हणाला, हे लक्षात घ्या.

दोन शेजाऱ्यांनी ताईला फळीवर उचलून आणलं. आत ठेवलं. फळी काढली. ताई हळूहळू, पण थांबायचं नाव न घेता, डिकीच्या दाराकडे निघाली.

"अरे धरा! धरा रे! मी गाडी मागितली होती, घसरगुंडी नाही!"

धरेपर्यंत तिची पाठ उंचवट्यावर मुरगळली आणि तिच्या तोंडून असा आवाज आला की हसू लागलेली गल्ली एकदम गप्प झाली. तिला परत पलंगावर नेलं. तिने डोळे मिटून घेतले.

गादीवाल्याने शेठला फोन लावला. शेठचा गळा तितकाच गोड. "साहेब, मी तर पाडून दाखवत होतो. तुम्हीच म्हणालात हात लावू नका. चंदेरी? ती आज दुपारीच गेली. एका डॉक्टरने नेली." यावेळी बहुधा खरोखरच डॉक्टर असावा.

"रिसेल व्हॅल्यू तर आहेच," तज्ज्ञ म्हणाला. बायकोने आपल्या या भावाकडे असं पाहिलं की त्याला घरी काहीतरी काम आठवलं.

सोमवार गेला. गादीवाला गाडीभोवती फेऱ्या मारत होता. वरून जाड गादी टाकून पाहिली, उताराला उशा लावून पाहिल्या, फळ्या टाकून पाहिल्या. फळ्या टाकल्या तर ताईचं नाक छताला लागत होतं. सीट बोल्ट काढून सबंध बाहेर घ्यावी, तर तिच्या पाठीचा सांगाडाच आडवा पडून डिकीची जमीन पुरी करत होता. तो काढला की मध्ये खड्डा. सांगाडा ठेवायचा आणि भराव काढायचा, एवढा एकच मार्ग होता. तो त्याला पहिल्या फेरीतच दिसला होता. बाकीच्या फेऱ्या तो दिसू नये म्हणून चालल्या होत्या.

मंगळवारी सकाळी तो सुरी घेऊन गाडीत बसला. बाहेर आला. पुन्हा बसला.

"दोनच टाके उसवतो. थोडा भराव कमी करून बघू," तो म्हणाला.

"तुम्ही ताईंची बाजू घेताय की सीटची?" बायकोने विचारलं.

"तुला कळत नाही गं. हे असं काम उसवायचं म्हणजे..."

"मला कळतं. मी चौदा वेळा खटका ओढा म्हटलं नाही, हेच माझं चुकलं. एकदाच म्हटलं."

तेवढ्यात खिडकीतून ताईचा आवाज आला. आता पडतंय कानफटात, म्हणून त्याने मान खाली घातली. पण तो आवाजच वेगळा होता. मऊ, समजुतीचा.

"बाळ, तुला आवडलंय ना ते काम? राहू दे मग. मीही पाहिलं आत जाताना. फार सुंदर शिवलंय. मोडू नकोस. मी इथे खिडकीशी बरी आहे. सवय झालीय आता."

मायबाप हो, टोमणा मारला असता तर त्याने सहन केला असता. त्यावरच तो लहानाचा मोठा झाला होता. ताई गोड बोलली, आणि याच्या पायाखालची जमीन सरकली. ही बाई भावाच्या हौसेपायी आपली पाठ कायमची सोडून द्यायला निघाली होती. एकदा पाठ त्याच्यासाठी झिजवून झाली होती, आता उरलेलीही देत होती. तीही अशी, जणू कुणाला शिळी भाकरी वाढतेय.

तो मागच्या सीटकडे वळला. तिच्यावर वाकला. सुरी टाक्याखाली सरकवली आणि ओढली.

मधाच्या रंगाचं कातडं उघडत गेलं. आत कापसाचे थर एकावर एक, हाताने पिंजून बसवलेले. आणि आतून, जिथे कुणाची नजर कधी जाणार नव्हती, तिथेही टाके तसेच, सरळ, एका मापाचे. गादीवाल्याचे हात थांबले. त्याने सुरी मांडीवर ठेवली, त्या न पाहिलेल्या कारागिराला हात जोडले, "माफ कर रे बाबा" म्हणाला, आणि पुढचा टाका कापला. डोळ्यांतलं पाणी कापसात पडत होतं. कापूस ते निमूटपणे पीत होता.

बायको शेजारी येऊन बसली आणि भराव पोत्यात भरू लागली. दुपारपर्यंत सांगाडा उघडा झाला. खटका ओढला. तो धप्पकन पडला, पाटासारखा सपाट. त्यावर बसेल अशी पातळ, घट्ट गादी दोघांनी मिळून शिवली. काठ कोण शिवणार यावरून भांडण झालं, तेव्हा खिडकीतून जुन्या आवाजात फर्मान आलं. "टाका लांब पडतोय तुझा! आंधळा झालास का?" घरात पुन्हा हवा खेळू लागली. उसवलेल्या कातड्याचे रुंद पट्टे झाले. एक छातीवर, एक कमरेवर, एक गुडघ्यांवर. ताई कितीही घसरायची म्हटली तरी घसरणार नाही असे.

बुधवारी गाडी निघाली. तज्ज्ञ रस्ता दाखवायला पुढे बसला, फोनने त्याला एका विटांच्या भट्टीत नेऊन सोडलं. तिथल्या मजुराने हाताने रस्ता दाखवला आणि मंडळी वेळेत पोचली. ताईला यंत्राच्या पाळण्यात निजवून, पायांकडून हळूहळू पाण्यात उतरवलं. पाणी कमरेपर्यंत आलं, मग छातीपर्यंत, आणि तिचे पाय हौदाच्या तळाला टेकले. ती उभी राहिली. काठावर वाकून बसलेल्या भावाकडे तिने कितीतरी दिवसांनी समोरासमोर पाहिलं, आणि पहिलं वाक्य बोलली. "किती टक्कल पडलंय रे तुला! खालून दिसत नव्हतं."

तो इतका हसला की इस्पितळातल्या बाईंनी त्याला बाहेर काढलं.

पुढचं थोडक्यात. चमत्कार झाला नाही. देव चमत्कारही बुधवार-बुधवार करूनच देतो. पण पावसाळा सरता सरता ताई ताटासमोर बसली. पाठीला दोन उशा, दोन्ही हात मोकळे. जेवण संपेपर्यंत बसली आणि मग थकून आडवी झाली. त्या दिवशी बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि तज्ज्ञ म्हणाला की हे होणारच होतं, गाडी मुळात त्याने निवडली होती.

प्रवासाला मात्र ताई अजून झोपूनच जाते. डोकं पुढे, पाय डिकीकडे, उशी थोडी उंच. मागची काच मोठी, त्यामुळे मागून येणारा प्रत्येक गाडीवाला तिला समोर दिसतो. कोण नाक उकरतोय, कोण बायकोशी भांडतोय, कोण एकटाच गातोय, सगळं ती पुढे कळवत असते. गादीवाला गाडी हळू चालवतो. खड्डा आला की आणखी हळू.

तेव्हा एवढंच मागणं आहे. एखाद्या बुधवारी तुम्ही घाईत असाल, आणि पुढे एखादी लांब तपकिरी गाडी बैलगाडीच्या चालीने रस्ता अडवून चालली असेल, तर हॉर्नवरचा हात जरा उचला. त्या काचेमागे ताई पडलेली असेल, आणि तुमच्याकडेच बघत असेल. तिची आठवण ठेवा.